भारवाहू ड्रोन व विद्युत् चलित्रे

जड ओझे सरळ वर उचलून नेणाऱ्या अनेकघूर्णकी, चालकरहित विमानांना भारवाहू ड्रोन म्हणतात. ही विमाने एकविसाव्या शतकातील असली, तरी त्यांच्या रचनेतील कूटप्रश्न जुनाच आहे. विजेवर चालणारे पुरेसे बलवान चलित्र (मोटर) बांधणे ही त्यातील खरी अडचण कधीच नव्हती. ते हलके व थंड ठेवणे आणि त्याला लागणारी वीज हवेत नेणे, हे अवघड होते.

फ्रान्समध्ये टीसांद्ये बंधूंनी ८ ऑक्टोबर १८८३ रोजी सु. दीड अश्वशक्तीचे सीमेन्स चलित्र बसविलेले वायुयान उडविले. पुढील वर्षी शार्ल रनार व आर्थर क्रेब्स यांच्या ‘ला फ्रान्स’ने ८ किमी.चा फेरा २३ मिनिटांत पुरा केला. साडेआठ अश्वशक्तीच्या त्याच्या चलित्रासाठी ४३५ किग्रॅ. वजनाची घटमाला न्यावी लागली. हे ओझे हायड्रोजन वायू तोलून धरीत होता. वायूचा आधार काढून घेतल्यास काय होईल, याचा अनुभव पहिल्या महायुद्धात आला.

शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी वापरले जाणारे बांधीव बलून सहज पेट घेत. त्यांना पर्याय म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीचे अधिकारी इश्तवान पेत्रोत्सी, थीओडोर फोन कारमान व व्हिलेम झुरोव्हेत्स यांनी पीकेझेड-१ हे चार घूर्णकांचे हेलिकॉप्टर तयार केले. वीज जमिनीवरून तारेने द्यावयाची असल्याने घटमालेचा प्रश्नच उरला नाही. कल्पना खरोखर चतुर होती. ऑस्ट्रो-डाइम्लर चलित्र १९० अश्वशक्तीचे (सु. १४० किवॉ.) व १९५ किग्रॅ. वजनाचे होते. मार्च १९१८ मध्ये यंत्र जमिनीपासून सु. अर्धा मीटर उचलले गेले आणि चौथ्या उड्डाणात चलित्र जळाले. झुरोव्हेत्सने यानंतरच्या पीकेझेड-२ साठी पेट्रोल एंजिने पत्करली. ते बरेच उंच गेले, पण जून १९१८ मध्ये कोसळले.

चलित्र निवडताना दोन नियम ध्यानात घ्यावे लागतात. हवेत स्थिर राहण्यास लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताच्या समप्रमाणात आणि पात्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रत्येकी १ चौ. मी. क्षेत्र झाडणारे चार घूर्णक घेतल्यास १०० किग्रॅ. वजनासाठी सैद्धांतिक शक्ती सु. १० किवॉ. व प्रत्यक्षात सु. १५ किवॉ. लागते. म्हणून पाती मोठी व संथ हवीत. परंतु त्यांना अधिक परिबल (पिळाची प्रेरणा) लागते आणि परिबल प्रवाहाबरोबर वाढते. गुंडाळीतील उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे उचल दुप्पट केली की ती चौपट होते. वाऱ्याच्या झोतात तोल सावरता यावा म्हणून स्थिर उड्डाणास पूर्ण क्षमतेच्या निम्मी उचलच पुरेल, असे चलित्र घेण्याचा प्रघात आहे.

पुढील प्रगती पदार्थविज्ञानामुळे झाली. १९८०-८५ च्या सुमारास जपान व अमेरिकेत निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक तयार झाले. अर्धसंवाहक खटक्यांमुळे घासणारे ब्रश व दिक्परिवर्तक नाहीसे झाले. प्रत्येक घूर्णकाला स्वतंत्र चलित्र देऊन केवळ वेगबदलाने तोल राखणे शक्य झाले. (फार मोठी पाती जडत्वामुळे वेग चटकन बदलत नाहीत, तेथे हा उपाय तोकडा पडतो.) सीमेन्सने २०१५ मध्ये जाहीर केलेले विमानाचे चलित्र ५० किग्रॅ. वजनात २६० किवॉ. देत होते. किलोग्रॅममागे हे प्रमाण १९१८ च्या चलित्राच्या सु. सातपट होते.

वीजपुरवठ्याची प्रगती इतकी झालेली नाही. वरील १५ किवॉ. ५० व्होल्टला घेतल्यास ३०० अँपिअर प्रवाह लागतो. ४०० व्होल्टला सु. ३८ अँपिअर पुरतो व त्याच तारेतील ऱ्हास एकचौसष्टांश होतो. जड ड्रोनांसाठी उच्च दाब म्हणूनच सोयीचा पडतो. निरोधन व सुरक्षितता यांचा खर्च मात्र वाढतो. प्रतिकिग्रॅ. २०० वॉट-तास साठविणारी ३० किग्रॅ.ची लिथियम-आयन घटमाला हे ड्रोन जेमतेम २४ मिनिटे तोलून धरील आणि उतरण्यापुरती राखीव वीज ठेवल्यास त्याहून कमी. जर्मनीत २१ ऑक्टोबर २०११ रोजी १६ चलित्रांच्या विद्युत् यानातून माणूस प्रथम उडाला, ते उड्डाण दीड मिनिटाचे होते. दीर्घकाळ एका जागी थांबणाऱ्या टेहळणी ड्रोनांना आता पुन्हा जमिनीवरून, पण उच्च दाबाने व बारीक तारेतून, वीज पुरविली जाते. लांब पल्ल्यासाठी काही रचनांत एंजिनावर चालणारे जनित्र सोबत नेतात.