जुनापाणीचे दगड आणि पाहणारे डोळे

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, हुडकेश्वर व आसपासच्या वस्त्यांतील आमचे धर्मग्रामस्थ दफनभूमीत जमतात. कबरी धुऊन त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि आम्ही त्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडतो. दगडाखाली विसावलेल्या माणसासाठी दगडापाशी उभे राहून प्रार्थना करण्यात कोणासही वावगे वाटत नाही. गेल्या वर्षी हा विधी आटोपून परतताना आम्हांस जुनापाणीची आठवण झाली आणि तिच्यासोबत आमच्या हातून घडलेली एक जुनी चूकही आठवली. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच.

नागपूरच्या वायव्येस, काटोल मार्गाच्या बाजूस, जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, मध्ये माती व लहान दगडांचा उंचवटा आणि काही धोंड्यांवर वाटीसारखे कोरलेले खळगे, असे त्यांचे स्वरूप आहे. महापाषाणयुगीन लोकांनी आपल्या मृतांसाठी केलेली ही रचना होय. विदर्भातील अशी बहुतेक स्थाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील मानली जातात. विद्यार्थिदशेत आम्ही सेमिनरी हिल्सच्या परिसरात कित्येक वर्षे काढली. एकदा सहलीस गेलो असता याच धोंड्यांवर बसून आम्ही शिदोरी सोडली आणि एका खळग्यात मीठ ठेवले. रोममधील भुयारी कबरींविषयी परीक्षेत पानेच्या पाने लिहिणाऱ्या आम्हांस तेथे एकही कबर दिसली नाही. डोळे शाबूत होते. परंतु ‘प्राचीन’ व ‘पवित्र’ या शब्दांना आमच्या मनात जी जागा नेमून दिलेली होती, ती काटोल मार्गावर नव्हती.

या दगडांकडे पाहणारे आम्ही पहिले नव्हतो. गावोगावच्या लोकांनी त्यांचा संबंध पूर्वीच्या गवळ्यांशी जोडला. ज्यांचे जिणे गुराढोरांभोवती फिरत होते, त्यांना गोल मांडलेल्या दगडांत गोठा व वाडा दिसावा, हे स्वाभाविक होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी आले. त्यांपैकी रिव्हेट-कार्नॅक यांनी येथे उत्खनन करून १८७९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इंग्लंड-स्कॉटलंडमधील शिळावर्तुळे व खळगे यांच्याशी असलेल्या साम्याने ते भारावून गेले होते. त्या काळच्या इंग्रजी लेखनात ही वर्तुळे ‘सिथियन’, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या भटक्या टोळ्यांची, असल्याचे सांगितले जाई. येथील रहिवाशांच्या पूर्वजांनी ती उभारली असतील, ही साधी शक्यता मात्र विचारात घेण्याजोगी वाटत नव्हती.

असाच प्रकार आफ्रिकेत घडला. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी ग्रेट झिंबाब्वे येथील भव्य दगडी भिंतींपाशी पोहोचला. शबाची राणी व शलमोन राजा यांची पवित्र शास्त्रातील कथा त्याच्या मनात पक्की होती. दाराच्या लाकडाचा एक तुकडा त्याने काढला. त्याचा रंग व वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा आहे, असे त्याला वाटले. तेवढ्यावरून ते लाकूड लबानोनचे गंधसरू असावे आणि वास्तू त्या राणीची असावी, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे १९०५ साली रँडल-मॅकआयव्हर यांनी व १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खनन करून ही बांधणी आफ्रिकी लोकांचीच असल्याचे दाखविले. तरीही गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते दीर्घकाळ मान्य केले नाही. माउखने पवित्र शास्त्र वाचले, हा त्याचा दोष नव्हे. समोरच्या भिंतीला काही वेगळे सांगण्याची मुभाच त्याने ठेवली नाही, हा त्याचा दोष.

तर मग श्रद्धा म्हणजे डोळ्यांवरची पट्टीच, असे म्हणावे काय? आमच्या नागपूरचाच इतिहास तसे म्हणू देत नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली येथे आले. ते आमच्या पंथाचे नव्हते. धर्मप्रसार हेच त्यांचे कार्य होते. तरी टाकळीजवळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या खडकाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे जीवाश्म त्यांनी हेरले. अर्थात, लाव्ह्याचा एक थर निवाल्यावर तेथे तळी साचली, जीव नांदले आणि नंतर पुन्हा लाव्हा वाहिला. रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला. गोंडांच्या देवतांवर त्यांचा विश्वास नव्हता. तरीही परधानांच्या मुखातून लिंगोचे गीत त्यांनी गोंडीत उतरवून घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ नाला ओलांडत असता, हिस्लॉप बुडून वारले. श्रद्धेने त्यांना ही भूमी दाखविली. मात्र तिथे काय आढळावे, हे श्रद्धेने आधीच ठरवून टाकले नाही.

त्याच टाकळघाटने पुढे शंभर वर्षांनी जुने ग्रह मोडीत काढले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात टाकळघाट येथे वस्ती व जवळच्या खापा येथे शिळावर्तुळे यांचा परस्परसंबंध स्पष्ट झाला. माणसे येथेच राहत होती व आपल्या मृतांना येथेच निरोप देत होती. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी जुनापाणीच्या खळग्यांचा दिशांशी व आकाशनिरीक्षणाशी काही संबंध असेल काय, हाही प्रश्न मांडला आहे. विज्ञानयुगातील माणसाला दगडांत वेधशाळा दिसावी, यातही काळाचा वाटा असेलच. परंतु प्रश्न खुला ठेवला, तर दगडाला उत्तर देता येते.

आता आमच्या चुकीविषयी. दीक्षा होऊन थोडेच दिवस झाले होते. विदर्भातील एका खेड्यात नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाच्या शेताच्या कोपऱ्यात एक उभा दगड होता. घरातील म्हातारेबाबा त्याच्यापुढे अधूनमधून पाणी ठेवीत. आम्हांस ती मूर्तिपूजा दिसली व आम्ही तो दगड काढण्यास सांगितले. ‘बरं, फादर,’ एवढेच म्हणून बाबांनी तो काढला. आम्हांस त्यांचे आज्ञापालन दिसले व मनोमन समाधान वाटले. तो दगड त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ उभारला होता, हे पुष्कळ वर्षांनी त्यांच्या नातवाकडून कळले. आम्ही विचारले असते तर बाबांनी सांगितले असते. आम्ही विचारले नाही, कारण आम्हांस ठाऊक होते. बाबा आता नाहीत, त्यामुळे क्षमा मागणेही राहून गेले.

अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य प्रभूसोबत चालत होते. परंतु त्यांनी त्यास ओळखले नाही. आपल्या आशा व कल्पना याच त्यांच्या डोळ्यांआड आल्या होत्या. वाटसरूचे त्यांनी ऐकून घेतले, त्यास घरी थांबविले आणि मग भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. आम्ही त्या दिवशी खेड्यात तेवढेही थांबलो नाही.

आज हुडकेश्वरच्या चहूबाजूंनी लेआउट पडत आहेत. ज्याला जमीन म्हणजे केवळ प्लॉट, त्याला प्रत्येक धोंडा ही अडचण किंवा हद्दीची खूण दिसते. तीही एक श्रद्धाच, आणि बरीच आंधळी. म्हणून यंदा २ नोव्हेंबरचा विधी झाल्यावर युवकांना घेऊन जुनापाणीस जाण्याचा आमचा मानस आहे. शिदोरी सोबत असेल. ती मात्र झाडाखाली सोडू.