लाजेपायी लपविलेली गाठ



माझ्या आत्याच्या छातीत सुपारीएवढी गाठ झाली होती. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर तिने कोणास सांगितले नाही. सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या मंडळाने नववीच्या मुलींना या विषयाची माहिती द्यावयाचे ठरविले, तेव्हा "एवढ्या लहान मुलींना हे कशाला?" असा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास कळला, तो येथे देत आहे.

स्त्रियांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले. परंतु रुग्णालय उघडले म्हणून बाई वेळेवर तेथे जातेच असे नाही. म्हणून १९९८ साली या संस्थेच्या सेविकाच मुंबईच्या झोपडवस्त्यांत गेल्या. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया या कामात घेतल्या होत्या. त्यांपैकी निम्म्यांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली जाई व लक्षणे समजावून दिली जात. या सेविका डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या स्त्रिया होत्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही.

चीनमध्ये शांघायच्या कापडगिरण्यांतील अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर १९८९ साली दुसरा प्रयोग सुरू झाला. निम्म्या जणींना स्वतःची छाती स्वतः तपासण्यास शिकविले. २००२ साली कळले, की तेवढ्याने मृत्यू कमी झाले नाहीत. उलट निरुपद्रवी गाठींचीच तपासणी वाढली.

मग मुलींना काय सांगावे? दरमहा गाठ शोधत बसा, असे आम्ही सांगितले नाही. चौदाव्या वर्षी हा रोग अत्यंत दुर्मिळ असतो. या वयात एक बाजू लहान, एक मोठी असू शकते. पाळीआधी दुखू शकते. गाठ आलीच तर ती बहुधा साधी असते, तरी आईला सांगून डॉक्टरांना दाखवावी. आपले शरीर नेहमी कसे असते हे ओळखून असावे, म्हणजे बदल ध्यानात येतो. मोठ्या बायकांची लक्षणेही सांगितली: न दुखणारी गाठ, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे.

सगळ्या मुली गेल्यावर एक दाराशी थांबली. म्हणाली, "काकू, आईची गाठ दुखत नाही. तरी दाखवायची का?" आई चाकणकडे कंपनीत कामाला; एका दिवसाचा खाडा नको, म्हणून गप्प होती. आमच्यापैकी दोघी तिच्याबरोबर दवाखान्यात गेल्या. आज तिचे उपचार चालू आहेत.

"मुलींना हे कशाला?" याचे उत्तर मला त्या दाराशी मिळाले. आत्याच्या घरीही चौदा वर्षांची मुलगी होती. तिला कोणी काही सांगितले नव्हते, म्हणून तिने काही विचारले नाही.

ती मुलगी म्हणजे माझी आतेबहीण. यंदा शाळेत माझ्याबरोबर तीही येणार आहे.