मुसीचा पंचनामा

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीने हैदराबादेतील अफझलगंजाकडील भरवस्ती उद्ध्वस्त केली आणि सुमारे पंधरा हजार माणसांचा बळी घेतला, तेव्हा त्या पाण्याचे माप घेण्यास काठावर कोणी उभे नव्हते. आणि असते, तरी ते सांगावयास उरले नसते. पुढील वर्षी निजाम सरकारच्या पाचारणावरून पुराच्या चौकशीसाठी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. पुण्यात स्थापत्याचे शिक्षण घेऊन मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात हयातीची ऐन वर्षे घालविलेला आणि खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारा हा गृहस्थ मराठी मुलखास परका नव्हता. मुसीच्या 862 चौरस मैलांच्या पाणलोटात 788 तलाव होते, त्यांतील कित्येक त्या अतिवृष्टीत एकामागून एक फुटले, आणि पुराचा परमोच्च विसर्ग सेकंदास 4,25,000 घनफूट ठरविण्यात आला. या आकड्याला केवळ दफ्तरी मोल नव्हते. शहराच्या वर मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (1927) हे जलाशय याच चौकशीतून उभे राहिले.

ओसरलेला पूर पुन्हा मोजता येत नाही. अशा वेळी भिंतींवर राहिलेल्या खुणा, पात्राचा छेद आणि प्रवाहाचा उतार यांवरूनच अभियंत्यास गेलेल्या पाण्याचा पंचनामा करावा लागतो. पाणी स्वतः साक्ष देत नाही, ती त्याने स्पर्शिलेल्या वस्तूंकडून काढावी लागते. प्रयोगशाळेतही हाच न्याय चालतो. लुडविग प्रांटल यांनी पाण्यात अभ्रकाचे कण सोडून प्रवाहाची छायाचित्रे घेतली आणि 1904 साली हायडेलबर्ग येथे ती विद्वानांपुढे मांडली. 1964 साली कोलंबिया विद्यापीठात येह आणि कमिन्स यांनी पाण्यातील सूक्ष्म कणांनी विखुरलेल्या लेसरप्रकाशावरून प्रथमच प्रवाहाचा वेग काढला.

या युक्तीची खरी कसोटी लागते ती ज्यास संश्लेषित झोत म्हणतात त्या चमत्कारिक प्रवाहात. एका पोकळीचा पडदा कंप पावतो, आणि एकाच छिद्रातून पाणी आत ओढले जाते व बाहेर फेकले जाते. बाहेरून थेंबभर पाण्याचीही भर पडत नाही, छिद्रापाशी पूर्ण आवर्तनाचा जमाखर्च मांडला तर निव्वळ बाकी शून्य येते, आणि तरीही सुटलेली भोवऱ्यांची वलये पुढे झोत होऊन धावतात. तेथे यंत्र बुडवावे, तर तेच प्रवाह बिघडविते. म्हणून लेसरच्या पातळ पडद्याने उजळलेल्या कणांची क्षणाच्या अंतराने दोन चित्रे घेतात आणि त्यांच्या स्थलांतरावरून ठिकठिकाणचा वेग काढतात. मात्र येथेही साक्षीदार पारखून घ्यावा लागतो: कण पाण्याहून जड असला, तर भोवरा त्यास गाभ्यातून बाहेर फेकतो, आणि जेथे फिरकी सर्वांत तीव्र तेथेच चित्र कोरे राहते, म्हणून पाण्याच्या घनतेशी जुळणारे, काही मायक्रॉन व्यासाचे पोकळ काचगोल वापरण्याची वहिवाट पडली.