हरवलेल्या तिघांचा सौदा

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी घरी आला. महाविद्यालयातल्या चार मित्रांना हाताशी धरून त्याने एक रहस्यपट काढला होता. चहाचा कप तसाच बाजूला ठेवून तो म्हणाला, “सर, चित्रपट झाला, आता तो विकायचा कसा? वितरक कोणता धरावा?” कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला व्यापारातले काय कळणार! मी त्याला सल्ला दिला नाही, इतिहास सांगितला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

चित्रपट काढणे हे अर्धेच काम, आणि तो लोकांपर्यंत पोहोचविणे हे उरलेले अवघड अर्धे, ही गोष्ट आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांना पहिल्याच चित्रपटात कळली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. तो घेऊन दादासाहेब सुरतेला गेले तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये गल्ला जमला, अशी हकीकत सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असता दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? तेव्हा त्यांनी जाहिरात दिली, की ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहा. मग काय, गर्दी लोटली!

मास्तरकीच्या खोडीने मी हा हिशेब एकदा फळ्यावर मांडला. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा आणि फुटाला १६ चित्रे. गुणाकार ५९,२०० येतो. म्हणजे छायाचित्रांचा आकडा फारसा खोटा नव्हता. पण मैल भरतो ५,२८० फुटांचा. दोन मैल सोडाच, एक मैलही पुरा होत नाही. वर्गात हशा पिकला. या अतिशयोक्तीने कोणाचे काही बिघडले नाही. प्रेक्षकाला तीन आण्यांचा मोबदला मिळाला आणि नुकसान झालेच असेल तर ते केवळ मैलाचे झाले!

अमेरिकेत भीतीचा बाजार मांडणारेही असेच खेळकर होते. विल्यम कॅसल याने १९५८ साली ‘मकाब्र’ नावाचा भयपट काढला, आणि तो पाहताना भीतीने कोणी दगावल्यास १,००० डॉलर मिळतील, असा विमा प्रेक्षकांसाठी उतरविला. दोन वर्षांनी हिचकॉकने ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दंडक चित्रपटगृहांना घातला. दोन्ही युक्त्या चालल्या, कारण हा खेळ आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही.

यानंतरची गोष्ट मात्र निराळी आहे. फ्लॉरिडातल्या विद्यापीठात चित्रपटकला शिकणाऱ्या डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ या दोघांना १९९३ साली एक कल्पना सुचली. मेरीलँडच्या जंगलात एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट काढायला तीन विद्यार्थी जातात, नाहीसे होतात, आणि मागे सापडतात ती केवळ त्यांनी घेतलेली चित्रे. प्रत्यक्ष चित्रीकरण १९९७ च्या ऑक्टोबरात आठ दिवसांत उरकले. हेदर डोनाह्यू, जोशुआ लिओनार्ड आणि मायकेल विल्यम्स हे तिघे नवखे नट स्वतःच कॅमेरे घेऊन रानात हिंडले. संवाद बरेचसे आयत्या वेळचे होते. खाणे दिवसेंदिवस कमी केले जाई. रात्री तंबूबाहेर आवाज काढून त्यांना घाबरविले जाई. आणि पुढे ज्या गोष्टीने सारे रामायण घडले ती ही, की चित्रपटातल्या पात्रांना या तिघांची खरीच नावे दिली होती.

सुमारे वीस तासांच्या चित्रणातून दीड तासाच्या आतला चित्रपट निघाला. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हे त्याचे नाव. तो तयार होत असतानाच निर्मात्यांनी इंटरनेटवर एक संकेतस्थळ उघडले. चेटकिणीचा बनावट इतिहास, पोलिसांची कागदपत्रे, हरवलेल्या मुलीची रोजनिशी, असा सगळा मालमसाला त्यावर होता. इंटरनेट तेव्हा लोकांना नवे होते. तिथे जे छापलेले दिसे ते खरेच असणार, असा भाबडेपणा अजून टिकून होता.

१९९९ च्या जानेवारीत यूटा राज्यातील सनडान्स महोत्सवात मध्यरात्रीचा खेळ झाला, आणि आर्टिझन नावाच्या एका लहानशा कंपनीने तो चित्रपट ११ लाख डॉलरांना विकत घेतला. ही निवड मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. आर्टिझन ही काही हॉलिवूडमधली बडी पेढी नव्हती. पण आदल्या वर्षी ‘पाय’ नावाचा तसाच काटकसरीचा चित्रपट तिने बाजारात आणला होता. असा माल कोणाला, कसा विकायचा हे तिला कळत होते. तिने शेवट बदलून पाहायला सांगितले, निर्मात्यांनी दुसरे शेवट चित्रित करूनही दिले, पण अखेर मूळ शेवटच राहिला. हलणारा कॅमेरा आणि खरखरीत चित्र यांनाही कोणी इस्त्री केली नाही. ओबडधोबडपणा हेच त्या मालाचे अस्सलपण होते.

मग जाहिरातीची फौज निघाली. ‘हरवले आहेत’ अशी तिघांच्या छायाचित्रांची पत्रके निघाली. महाविद्यालयांतून खेळ झाले. प्रदर्शनाच्या तोंडावर चेटकिणीविषयी एक बनावट माहितीपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. जुलैच्या मध्यास चित्रपट अवघ्या २७ ठिकाणी लागला. तिकिटे मिळेनात, म्हणून बोलबाला आणखी वाढला. महिनाअखेर हजाराहून अधिक चित्रपटगृहांत तो झळकला. ज्याच्या चित्रीकरणाचा मूळ खर्च साठ हजार डॉलरांपलीकडे गेला नव्हता असे सांगतात, त्याने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरांचा गल्ला जमविला.

इथवर आले की माझ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकू लागले. मी म्हटले, “थांब. आता त्या तिघांचे काय झाले ते ऐक.”

ते हरवले आहेत असे जगाला सांगायचे, तर त्यांनी लोकांसमोर येऊन कसे चालेल? ज्या दिवसांत कोणताही नवा नट मुलाखती देत मिरवला असता, त्याच दिवसांत या तिघांना पडद्याआड राहावे लागले. चित्रपटांच्या माहितीकोशात त्यांच्या नावापुढे ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असा शेरा पडला होता. हेदरच्या आईला तर सांत्वनाची पत्रे आली! पोटची पोर हसतखेळत समोर असताना तिच्या मरणाचे दुखवटे घेणाऱ्या त्या माउलीला काय वाटले असेल?

आणि जमलेल्या रकमेच्या मानाने तिघांच्या पदरी पडले ते अगदीच थोडे. पुढच्याच वर्षी घाईघाईने दुसरा भाग निघाला. त्यात आपल्या नावांचा वापर झाला म्हणून त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. २००३ साली आर्टिझन ही कंपनी लायन्सगेटने घेतली, तेव्हा मालक बदलला, पण करार तोच राहिला. पहिल्या खेळानंतर पंचवीस वर्षांनी, २०२४ साली, तिघांनी लायन्सगेटला एक जाहीर पत्र लिहिले. मागील कामाचा रास्त मोबदला द्यावा, आणि आमच्या नावांशी व चेहऱ्यांशी निगडित असे पुढे काही काढताना आम्हाला विचारावे, हे त्यांचे मागणे होते. शिवाय आणखी एक गोष्ट त्यांनी मागितली. मूळ चित्रपटाच्या खर्चाइतकी, म्हणजे ६०,००० डॉलरांची रक्कम दरवर्षी एखाद्या अनोळखी होतकरू दिग्दर्शकाला द्यावी. स्वतःचे गेले त्याचे दुःख असतानाही मागून येणाऱ्यांची आठवण त्यांनी ठेवली, हे मला फार मोठे वाटते.

फाळक्यांच्या जाहिरातीत फुगविले ते मैल होते. इथे फुगविले ते जिवंत माणसांचे मरण होते. विकणाऱ्यांची युक्ती अफाट होती, यात शंका नाही. पण त्या युक्तीचे मोल ज्यांच्या अंगावरून वसूल झाले त्यांचे नाव नफ्याच्या वहीत नव्हते.

“वितरक लहान आहे की मोठा हे पाहू नकोस,” मी विद्यार्थ्याला म्हटले, “तुझ्या चित्रपटाचा खरा गुण त्याला कळला आहे का ते पाहा. आणि कागदावर सही करण्याआधी तुझ्या चारही मित्रांना समोर बसवून तो मोठ्याने वाच. चित्रपट पडला तर काय, हे सगळेच विचारतात. चाललाच, तर कोणाला काय, हेही विचार.”

त्याने गार झालेला चहा एका घोटात संपविला आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. करार होता तो. त्यात मित्रांपैकी एकाचेही नाव नव्हते. “वाचतो, सर,” तो म्हणाला, आणि कागद पुन्हा खिशात न घालता हातातच धरून जिना उतरला.