जुना पेहराव, नवें यंत्र

येवल्याचा विणकर बंगळूरचें रेशीम आणि सुरतेची जर घेऊन पैठणीच्या पदरावर जुनाच मोर उठवितो. त्यास नक्कल असें कोणीहि म्हणत नाहीं. मग जुन्या रेडिओचें रूप घेऊन आलेल्या आजच्या गाण्याच्या पेटीस तरी आम्हीं नक्कल कां म्हणावें?

सन १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली. पुढें रेडिओ आणि टेप एकाच पेटींत येऊन ती हातांत धरून नेतां येऊं लागली. १९७९ च्या वॉकमननें व २००१ च्या आयपॉडनें मात्र गाणें एकेकाच्या कानांत कोंडलें. २०१७ मध्यें सारेगामानें, म्हणजे पूर्वीच्या ग्रामोफोन कंपनीनें, ५००० जुनीं गाणीं भरलेली ‘कारवां’ ही पेटी बाजारांत आणली. मोबाइलमधील गाणींहि तिच्यांतून वाजतात. जुन्या रेडिओची खुंटी फिरविली कीं आंतील कंडेन्सर फिरे व दूरचें केंद्र लागे. येथें खुंटी फिरवितां केवळ यादींतील नांव बदलतें.

तेव्हां यंत्रापुरता हा पेहराव खोटाच. येवल्याच्या मोरामागें हातमागाचें जिवंत कसब आहे. या खुंटीमागें तसें कांहीं नाहीं. परंतु पेटी ओसरीवर ठेविली कीं आजी आणि नातू एकच गाणें ऐकतात, आवडीनिवडीवरून वादहि घालतात. आमच्या मतें जपण्यासारखा वारसा तो हाच. तो घरांत नसेल, तर पेटी ही केवळ शोभेची वस्तु होय.