नंबर माहीत नसतानाही फोनवर अलर्ट कसा येतो? सेल ब्रॉडकास्ट समजून घेऊया

२० जुलै २०२३ ची सकाळ आठवते का? साडेदहाच्या आसपास महाराष्ट्रात असंख्य फोन एकदम कर्कश वाजले आणि स्क्रीनवर इमर्जन्सी अलर्टची चौकट आली. मी तेव्हा भंडाऱ्यात होतो. पहिला विचार आला, फोन हॅक झाला! प्रत्यक्षात ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. बाजूला बसलेल्या मामांचा जुना कीपॅडवाला फोन मात्र गप्पच होता. "मले काहून नाही आला?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

या तंत्राचं नाव सेल ब्रॉडकास्ट. एसएमएस म्हणजे पोस्टमन, घरोघरी जाऊन एकेक चिठ्ठी देणार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आतून तसाच, मेसेज प्रत्येक मेंबरला वेगळा पोचवावा लागतो. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे कोतवालाची दवंडी. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या रेंजमधले सगळे फोन ऐकतात. टॉवरला तुमचा नंबर लागत नाही, तुम्ही कोण हेही कळत नाही. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, टॉवरवर बोजा तेवढाच. म्हणून सगळे एकाच वेळी कॉल करतात आणि नेटवर्क जाम होतं, तेव्हाही हा मेसेज निघू शकतो.

भंडाऱ्यासाठी हे का महत्त्वाचं? ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आठवा. वर मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात संजय सरोवर, खाली पवनीजवळ गोसेखुर्द. वरून पाणी सुटलं की ते आपल्याकडे यायला काही तास लागतात, आणि इशाऱ्याची किंमत त्याच तासांत असते. शिवाय आपल्याकडे पाऊस नसला तरी नदी चढू शकते. आभाळ बघून हे कळणार नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या असलेल्या माणसांना विजेचा धोका असतो, तिथे तर वेळ मिनिटांतच मोजावा लागतो.

सरकारी व्यवस्थेचं नाव ‘सचेत’. ती सी-डॉट या सरकारी संस्थेने बनवली आहे. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग यांच्याकडून इशारा येतो, आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकारी नकाशावर भाग ठरवतात आणि त्या भागातल्या टॉवरना मेसेज जातो. मेसेज ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा प्रसारित होतो. एकदा दाखवलेला मेसेज फोन त्याच्या क्रमांकावरून ओळखतो, म्हणून तो दर वेळी वाजत नाही. फोन बंद असेल आणि प्रसारण चालू असताना सुरू केला, तर अलर्ट तेव्हा येतो. प्रसारण संपल्यावर सुरू केला तर गेलं. एसएमएससारखा तो तुमच्यासाठी राखून ठेवलेला नसतो.

मेसेजच्या एका पानात ८२ बाइट मावतात आणि पानं जास्तीत जास्त १५. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, अगदी काना-मात्रेलाही, दोन बाइट लागतात. म्हणजे ‘पूर’ हे इवलंसं दिसतं, पण प, ऊकार आणि र मिळून सहा बाइट! म्हणून मराठी इशारा आटोपशीर लिहावा लागतो. (सरकारी मराठीला हे जमणं म्हणजे मोठीच परीक्षा.)

तुमसर तालुक्यात बावनथडीच्या काठावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अलर्ट गावाच्या पत्त्यावर येत नाही, फोनने पकडलेल्या टॉवरवरून येतो. फोन नदीपलीकडच्या बालाघाटच्या टॉवरला लागला असेल, तर इशारा तिकडचा मिळेल.

तंत्र तसं जुनंच आहे. आधीच्या साध्या फोनवर ‘सेल इन्फो’ चालू केलं की गावाचं नाव झळकायचं, तेही सेल ब्रॉडकास्टच. मामांच्या फोनमध्ये आजच्या आपत्कालीन अलर्टची सोयच नव्हती. २०२३ मध्ये सरकारने नियम करून नव्या फोनमध्ये ही सोय सक्तीची केली.

तुमच्या फोनमध्ये बघायचं असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ टाका, कारण प्रत्येक कंपनीने हा पर्याय वेगळ्या जागी लपवलाय. आयफोनवर नोटिफिकेशन्समध्ये अगदी खाली जा. चाचणीच्या भोंग्याला वैतागून कुणी तो बंद केला असेल, तर पावसाळ्याआधी चालू करा. घरातल्या मोठ्यांचा फोनही तेव्हाच हातात घेऊन बघा. मामांनी नवा फोन घेतलाय, त्यात मीच चालू करून दिलं.