अंकुराची वाढ आणि प्रकाश

नवरात्रात देवघरात घातलेले रुजवण अर्ध्या काळोखात उगवते. म्हणून त्याची रोपे लांबट, पिवळसर आणि नाजूक होतात. तेच धान्य अंगणात पेरले तर रोपे बुटकी, हिरवी व बळकट निघतात. बीज एकच, जनुकेही तीच. मात्र त्यांपैकी कोणती जनुके केव्हा कार्यरत व्हावीत, हे बहुतांशी प्रकाश ठरवितो.

मातीखालच्या अंकुराजवळ बीजात साठविलेली शिदोरी तेवढी असते. ती संपण्यापूर्वी पृष्ठभाग गाठला नाही, तर रोप मरते. त्यामुळे अंधारात तो ही पुंजी मुख्यतः उंची वाढविण्यासाठीच खर्च करतो. मोहरीसारख्या द्विदल रोपाचा शेंडा आकड्यासारखा वाकलेला व बीजदले मिटलेली असतात. माती भेदताना कोवळा कोंब त्यामुळे सोलवटत नाही. उजेड लाभताच वाढीचा वेग मंदावतो, आकडा उलगडतो आणि बीजदले उघडून हिरवी होऊ लागतात.

उजेड ओळखणाऱ्या यंत्रणेचा सुगावा सॅलडच्या बियांनी दिला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये दाखविले, की तांबड्या प्रकाशाने या बिया रुजतात. त्यामागोमाग दृश्य पटाच्या टोकाचा गडद तांबडा प्रकाश दिला, तर रुजत नाहीत. दोन्ही प्रकाश कितीही वेळा आलटूनपालटून दिले, तरी अखेरचा कोणता होता यावरच निकाल ठरे. ही कळ फिरविणारे रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. निळ्या प्रकाशासाठी क्रिप्टोक्रोम हा वेगळा प्रकाशग्राही आहे.

जनुकांच्या पातळीवरील उलगडा अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहानग्या वनस्पतीमुळे झाला. शिंग-वांग डेंग, टिमोथी कॅस्पर व पीटर क्वेल यांनी 1991 मध्ये तिच्या अशा उत्परिवर्तित रोपांचे वर्णन केले, जी गडद अंधारातही बीजदले उघडून उजेडात असल्यासारखी वाढत. त्यांच्यात बिघडलेल्या जनुकाला 'कॉप-1' म्हणतात. एखादे जनुक निकामी झाल्याने अंधारातच उजेडातले रूप प्रकटावे, याचा अर्थ ते रूप एरवी दाबून ठेवलेले असते. प्रकाश तो दाब काढतो. अंधारात कॉप-1 प्रथिन 'एचवाय-5' नावाच्या प्रथिनाला नष्ट होण्यासाठी खूण करते. उजेडात कॉप-1चा जोर ओसरतो, एचवाय-5 साचते आणि उजेडातील वाढीची असंख्य जनुके जागी करते. शिवाय प्रकाशाने सक्रिय झालेले फायटोक्रोम केंद्रकात शिरते आणि उंची वाढविणाऱ्या 'पीआयएफ' प्रथिनांचा नाश घडविते.

गंमत अशी, की कॉप-1 बिघडलेली ही रोपेही अंधारात हिरवी होत नाहीत. सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य घडण्याच्या एका टप्प्यालाच प्रत्यक्ष प्रकाश लागतो.

रोपवाटिकेत दाट पेरलेली रोपे उंच व लेचीपेची होतात, त्यामागेही फायटोक्रोमच आहे. शेजारची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, गडद तांबडा मात्र पुढे जाऊ देतात व परावर्तितही करतात. त्यावरून रोप गर्दी ओळखते, पीआयएफ प्रथिने पुन्हा बळावतात आणि खोड लांबू लागते.